पेटीतली अंबाडी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे, ते आधी सांगतो. तुम्ही इंग्लंडात राहता. नोव्हेंबर उजाडला (उजाडला म्हणायचं एवढंच) की तुम्हाला ज्वारीची भाकरी आणि वर लसणाची चरचरीत फोडणी ओतलेली अंबाडीची भाजी स्वप्नात दिसू लागते. तुमच्याकडे जमिनीचा तुकडा आहे, जुन्या खिडक्या आहेत आणि कोणाचंही न ऐकण्याचा स्वभाव आहे. एवढं भांडवल पुरेसं आहे. ज्यांना शेतीतलं खरोखर कळतं त्यांनी मात्र इथंच थांबावं. पुढचं वाचून त्यांना त्रास होईल. माझ्या आईला झाला.

माझी पात्रता : रेडिंगमध्ये अठरा वर्षं, पैकी शेवटची चार अलॉटमेंटवर. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला लावायला वर्षाच्या भाड्यानं मिळणारा तुकडा. पूर्ण तुकडा म्हणजे दहा रॉड, साधारण अडीचशे चौरस मीटर. आमच्या वाट्याला त्याचा अर्धा आला, तोही प्रतीक्षायादीत इतकी वर्षं काढल्यावर की नाव दिलं तेव्हा बालवाडीत असलेली मुलगी तुकडा मिळाला त्या दिवशी 'मी येणार नाही' म्हणायच्या वयाची झाली होती. घरात आम्ही त्याला वावर म्हणतो. सोलापूरकडचे आहोत, जीभ वळत नाही.

साहित्य : दुसऱ्यानं टाकून दिलेल्या खिडक्या २, फळ्या, जुन्या विटा, बिजागऱ्या ४, घोड्याची ताजी लीद (मिळेल तेवढी), अंबाडीचं बी एक पुडी, बायकोची सहनशीलता चवीपुरती.

पेटी

कोल्ड फ्रेम हे नाव ऐकून दबकू नका. ती एक बिनतळाची पेटी असते. मागची बाजू उंच, पुढची ठेंगणी, वर उतरतं काचेचं झाकण. माझी मागून दीड फूट आणि पुढून एक फूट होती. ऊन काचेतून आत येतं, माती तापते, रात्री ती ऊब काच थोडा वेळ अडवून धरते. एवढंच विज्ञान. झाकणाला इथले जुने माळी 'लाइट' म्हणतात. इंग्लंडच्या हिवाळ्यात नावातच काय तो उजेड.

घरात आम्ही तिला पेटी म्हणू लागलो आणि एक छोटा घोळ झाला. "रोज सकाळी सातला जाऊन पेटी उघडतो," असं मी फोनवर म्हणालो, आणि आत्या चार दिवस सगळ्यांना सांगत होती की पोरगा या वयात गाणं शिकायला लागला.

खिडक्या विकत घेऊ नयेत. इथं कोणी दुहेरी काचेच्या नव्या खिडक्या बसवल्या की जुन्या लाकडी चौकटी दारापुढच्या कचऱ्याच्या लोखंडी स्किपमध्ये येऊन पडतात. घंटी वाजवावी, विचारावं, उचलाव्यात. घंटी वाजवण्याची पायरी गाळू नये, हे मी अनुभवानं सांगतो. अनुभव सांगत नाही.

दिशा

झाकणाचा उतार दक्षिणेकडे हवा. का, ते एकदा डिसेंबरात भर दुपारी बारा वाजता बाहेर उभं राहून बघा. पुण्यात त्या वेळी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. रेडिंगला १५. म्हणजे भरदुपारी तो शेजारच्या धुराड्याला टेकून तुमच्याकडे बघत असतो. मी पहिल्या वर्षी पेटीचं तोंड पूर्वेला केलं होतं, कारण देवघराचं तसं असतं. देवानं लक्ष घातलं नाही.

बी

अंबाडीचं बी इथल्या आशियाई दुकानांत 'गोंगुरा' या नावानं मिळतं. मराठी माणसानं तेलुगू नावाची पुडी मुकाट्यानं घ्यावी. गोंगुरा म्हणून दोन झाडं विकली जातात. एक लाल देठाची, जिच्या लाल बोंडांचं सरबत करतात, आणि दुसरी आपली बांधावरची, दोराची. मला दुसरीच हवी होती. पुडीवरच्या चित्रात काहीही असू शकतं. माझ्या पुडीवर पालक होता.

भारतातून येताना रुमालात गाठ मारून बी आणू नये. पेरायच्या बियांना इथं वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. आमच्या आईच्या मते दाखला बियाण्याचा नसतो, बियाणं देणाऱ्याचा असतो. पण हे विमानतळावर बोलून उपयोग नाही.

पेरणी जुलैच्या अखेरीस, लवकरचे बटाटे काढून मोकळ्या झालेल्या जागी, पेटीच्या आतच करावी. मी त्याच संध्याकाळी आईला फोन केला.

"आत्ता पेरलीस? आणि थंडीत खाणार?"

"पेटीत ठेवणार आहे. वरून काच."

"अरे, अंबाडी पावसाळ्याची. तिला थंडी कुठली सोसायला? त्यापेक्षा चुका लाव चुका. आंबटच पाहिजे ना तुला?"

नवशिक्यानं या टप्प्यावर अनुभवी माणसाचा सल्ला शांतपणे ऐकून घ्यावा आणि विषय बदलावा. मी पाऊसपाण्याचं विचारलं.

दिवस मोजणं

आता थोडं कटू. पेटी थंडी थोपवते, दिवस लांबवत नाही. रेडिंगला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. अमेरिकेत मेन राज्यात एलियट कोलमन नावाचा शेतकरी आहे. बर्फाळ हिवाळ्यातही काचेखाली पालेभाजी कशी काढायची, यावरचं त्याचं पुस्तक या विषयातलं मोठं नाव आहे. त्याचा हिशेब सरळ आहे : दिवस दहा तासांच्या खाली गेला की झाडाची वाढ जवळपास थांबते. आमच्याकडे हा काळ ऑक्टोबरच्या अखेरीला सुरू होतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. म्हणून भाजी त्याआधीच पुरती वाढलेली हवी. पुढं पेटीनं ती फक्त जिवंत राखायची आणि तुम्ही तोडून खायची. म्हणजे पेटी हा फ्रिज आहे, शेत नव्हे. पालक, मेथी, कोथिंबीर, मोहरीचा पाला यांना असा फ्रिज मानवतो.

अंबाडीला मानवत नाही. वर तिचा एक स्वभावदोषही आहे. दिवस साडेबारा तासांच्या आत आला की तिला पानं नको होतात, फुलं सुचू लागतात. आपल्याकडे ते दसरा-दिवाळीच्या सुमाराला शोभतं. इथं ती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उपवर होते आणि पुढं गोठवणारी थंडी वाट बघत असते.

हे सगळं मी पेरणीनंतर वाचलं. तुम्हीही तसंच करा, नाहीतर पेरणी होणारच नाही.

रोजची निगा

सकाळी काच उघडावी, संध्याकाळी मिटावी. ऊन पडलेलं असताना उघडायला विसरलात तर आतली भाजी शिजते. फोडणी तेवढी बाकी राहते. विसराळू लोकांसाठी मेणाची नळी मिळते. ऊब वाढली की आतलं मेण फुगतं, दांडा सरकतो आणि झाकण आपोआप वर उचललं जातं. ना वीज, ना बटण. मला हे यंत्र फार आवडलं. त्याच्याकडे बघत बसण्याच्या नादात एकदा ऑफिसची मीटिंग बुडाली.

काचेला आतून दव धरतं, पानांवर ठिबकतं आणि करडी बुरशी येते. रोगट पान दिसताच खुडावं.

बिनशंखाच्या गोगलगायी : 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण करणाऱ्यानं इंग्लंडचं वावर पाहिलं असावं, अशी माझी खात्री आहे. रात्रीत एक ओळ गायब. वाटीत बिअर ओतून वाटी मातीत पुरली की त्या येऊन बुडतात. आमच्या वारकरी घराण्यात बिअरची पहिली बाटली अशी गोगलगायींच्या नावानं आली.

लीद

हा या मार्गदर्शनाचा आत्मा आहे, म्हणून जरा निवांत बसा.

व्हिक्टोरियाच्या काळातल्या माळ्यांकडे हीटर नव्हते, घोडे होते. ताजी लीद आणि पेंढा यांचा ढीग रचला की तो आतून पेटल्यासारखा तापतो. पहिल्या दिवसांत हात घालवत नाही. त्या ढिगावर माती, मातीवर पेटी, आणि फेब्रुवारीत काकड्या. कॉर्नवॉलमधल्या हेलिगनच्या बागेत लिदीच्या उबेवर अननस पिकवायचा खड्डा आजही दाखवतात. पेटीत आधीच झाड उभं असेल तर या मंडळींची दुसरी युक्ती होती : पेटीच्या चारही बाजूंनी बाहेरून लीद थापायची. गार झाली की काढून नवी थापायची. पेटीला गोधडी.

लीद फुकट मिळते. तबेल्यांच्या फाटकाशी पोत्यांत भरून ठेवलेली असते, न्या म्हणून पाटी असते. न्यायची कशातून, हा प्रश्न आपला. आमच्या गाडीत मी सहा फेऱ्या केल्या. आधी प्लास्टिक अंथरलं होतं हे मी पुन्हा एकदा, लेखी, सांगून ठेवतो. तरी दोन महिने गाडीत बसलेला प्रत्येक पाहुणा आधी स्वतःच्या बुटाचा तळ बघायचा.

ऑक्टोबरच्या मध्याला अंबाडी दीड फुटाच्या आसपास गेली होती आणि डोकं काचेला टेकत होतं. मी पेटी विटांवर चढवली, भोवती गुडघाभर लीद रचली. आठवड्यानं पहिल्यांदा दव गोठलं. सकाळी वावरात गेलो तर सगळ्यांच्या पेट्यांच्या काचा पांढऱ्याफटक, साखर भुरभुरल्यासारख्या. आमची एकटीची काच स्वच्छ, आतून दवानं धूसर, भोवतीच्या लिदीतून वाफा वर चाललेल्या, आणि त्या धुरकट काचेला आतून चिकटलेली हिरवी पानं. एकेक पान पाच लांब बोटांचं, कडा करवतीच्या. पंजा पसरून कोणीतरी बाहेर बघतंय असं.

मला ते दृश्य इतकं सुंदर वाटलं की मी फोटो काढला. दोन तुकडे सोडून पलीकडे लीक लावणाऱ्या आजीबाईंनीही काढला.

पान ओळखणं

इथं नवशिक्यानं एक गोष्ट समजून घ्यावी. २०१५ च्या फेब्रुवारीत हॉलंडमधल्या हार्लेमच्या पोलिसांनी एका घराचं छायाचित्र सगळ्यांना दाखवलं होतं. शेजारच्या छपरांवर बर्फ आणि त्या एकावर नाही. आत गांजा, दिव्यांच्या उबेवर. तेव्हापासून ज्याच्या छपरावर बर्फ टिकत नाही त्याच्याकडे जग जरा वेगळ्या नजरेनं बघतं. आता त्यात पाच बोटांची पानं घाला. घालणारा सोलापूरचा, रोज पहाटे टॉर्च घेऊन येणारा.

तरी ओळखणं सोपं आहे. गांजाचं पान संयुक्त असतं, म्हणजे प्रत्येक बोट देठापर्यंत सुटं. अंबाडीचं पान एकच, फक्त खोल चिरलेलं. तळाशी बोटं जोडलेली. अंबाडीच्या बुंध्याजवळची जुनी पानं तर अखंड, बदामाच्या आकाराची असतात. खोडावर बारीक काटे असतात. आणि फूल! अंबाडी ही जास्वंदीची बहीण. फिकट पिवळं, मधोमध गडद लाल डोळा असलेलं फूल गांजाला सात जन्मांत येणार नाही. हा घोळ फक्त अंबाडीचाच आहे असंही नाही. आपली निर्गुडी परदेशात लावून बघा, तिची पानं तर याहून वाईट साक्ष देतील.

खरा घोळ नावांचा आहे. लिनेयसनं १७५९ साली अंबाडीचं बारसं केलं ते 'हायबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे गांजासारखी जास्वंद. इंग्रजांना दोराशी मतलब, त्यामुळे ज्याचा वाख निघेल ते सगळं त्यांनी हेम्प करून टाकलं. ताग म्हणजे सन हेम्प. केळीच्या भावंडाचा धागा, तो मनिला हेम्प. घायपाताच्या जातीतला सिसल हेम्प. आणि अंबाडी म्हणजे, कृपया लक्षात ठेवा, डेक्कन हेम्प. यातल्या एकाचाही गांजाशी सुतराम संबंध नाही. सुताचाच काय तो आहे.

पोलीस आल्यास

आजीबाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी जे पाहिलं ते कळवलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही लीद थापणाऱ्या माणसाबद्दल कोणालातरी कळवलं असतं.

शनिवारी दुपारी चारला एक तरुण पोलीस आला. छातीवर कॅमेरा, बुटांना आमच्या वावराचा चिखल. चौकशी नम्र होती. हे काय लावलंय?

अशा वेळी काय बोलू नये ते सांगतो. मी घाबरून शास्त्रीय नाव घेतलं. 'कॅनाबिनस' हा शब्द हवेत असतानाच बायकोनं माझा दंड दाबला. मग सावरण्यासाठी मी म्हणालो की घाबरण्यासारखं काही नाही, हे नुसतं डेक्कन हेम्प आहे. त्यानं वही काढली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी त्याला सांगितलं की १५३३ साली तुमच्याच आठव्या हेन्रीनं कायदा केला होता, साठ एकर कसणाऱ्यानं पाव एकर जवस किंवा हेम्प लावलाच पाहिजे असा. त्यानं विचारलं, म्हणजे हे हेम्प आहे हे तुम्हाला मान्य आहे?

फूल दाखवावं म्हणून काच उचलली. त्या दिवशी सकाळीच पहिलं फूल उमललं होतं. पण अंबाडीचं फूल पहाटे उघडतं आणि दुपारी मिटतं. चार वाजता तिथं एक चुरगळलेली कळी होती आणि आतून लिदीचा गरम भपकारा आला, तो थेट त्याच्या तोंडावर. तो दोन पावलं मागं सरकला. माझ्या मते तिथंच अर्धी केस निकाली निघाली, कारण वास गांजाचा नव्हता एवढं त्याला निश्चित कळलं.

उरलेली अर्धी बायकोनं निकालात काढली. तिनं फोन काढून सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला फुलाचा फोटो त्याच्यापुढं धरला. खाली आत्याचे हात जोडलेले, काकांचं 'सुप्रभात'. मग तिनं एक पान खुडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं त्याला दिलं. पुराव्याचा तुकडा खायचा की नाही, हे त्याच्या प्रशिक्षणात नसावं. त्यानं कॅमेऱ्याकडे एक नजर टाकली आणि चावलं. चेहरा चिंचेसारखा झाला. "भाजी करतो आम्ही याची," ती म्हणाली. यावर त्यानं जे बघितलं ती सहानुभूती होती. वहीत 'पालेभाजी' असं काहीतरी लिहून तो गेला.

रात्री मी अंमली पदार्थांचा कायदा वाचला. १९७१ चा. गांजा इथं ब वर्गात मोडतो आणि लागवडीला जास्तीत जास्त शिक्षा चौदा वर्षं.

"चौदा," बायको म्हणाली. "रामाला होता तेवढा."

"सीता बरोबर गेली होती."

"तिनं लीद आणायला सांगितली नव्हती."

काढणी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पारा शून्याच्या बराच खाली जाणार असं हवामानखातं सांगेल. त्यावर विश्वास ठेवून आदल्या संध्याकाळीच सगळी पानं खुडावीत. मी पेटीवर दोन जुन्या सतरंज्या टाकल्या आणि अर्धीच खुडली, उरलेली डिसेंबरासाठी राखली. सकाळी ती काळपट हिरवी, पारदर्शक, देठापासून लोंबत होती, कुकरमधून काढल्यासारखी. लिदीचा जोर तोवर संपला होता. हात घालून पाहिलं, गार.

आदल्या संध्याकाळची पानं निवडून एक टोपलीभर झाली होती. अंबाडी चिरावी, उकडावी, आंबट पाणी पिळून टाकावं. या पायरीला टोपलीची वाटी होते, आणि चार महिन्यांचा हिशेब डोळ्यांसमोर येतो. तुरीची डाळ, तांदळाच्या कण्या, मूठभर शेंगदाणे शिजवून घोटावेत, त्यात ती वाटी मिसळावी, गुळाचा खडा. तरीही पातेल्यात पिवळंच जास्त दिसतं.

आता एक गुपित. आमच्या वावराच्या कुंपणाकडेला सॉरल नावाचं तण माजतं. लांबट, भाल्यासारखी पानं, चावलं की झणझणीत आंबट. इंग्लंडचं घरचं झाड. हलक्यासलक्या गोठवणाऱ्या थंडीला भीक घालत नाही. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. अंबाडीचा आकार वाढवण्यासाठी त्यातली चार मुठी पानं उकडून, पिळून, बेमालूम घोटून टाकावीत आणि स्वयंपाकघरात कोणी नसताना टाकावीत. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी सढळ हातानं.

पानं वाढली. आईला व्हिडिओवर पातेलं दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त जवळ जाऊन बघितल्यासारखं केलं. बायकोनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजी लावली, तोंडात टाकली, डोळे मिटून चावली.

"छान झालीय," ती म्हणाली. "पण इथली अंबाडी जरा चुक्यासारखी लागते, नाही?"